वर्धा जिल्ह्यातील मोरपंखीची लागवड : अवर्षणसहिष्णू शंकुधारी वृक्ष आणि काळी जमीन

प्रस्तावना :
शाळा-महाविद्यालयांच्या प्रांगणात व घराच्या फाटकाशी दिसणारी मोरपंखी सर्वपरिचित आहे. तिची डहाळी पुस्तकात ठेवल्यास विद्या येते, या समजुतीमुळे तिला ‘विद्या’ असेही म्हणतात. महाराष्ट्राच्या वनांत शंकुधारी वृक्ष निसर्गतः आढळत नाहीत. सुरूचे झाड तसे दिसत असले तरी ते सपुष्प वनस्पतींत मोडते. त्यामुळे वर्ध्यासारख्या जिल्ह्यात अनावृतबीजी वनस्पतींच्या अध्यापनासाठी मोरपंखी हे सहज उपलब्ध होणारे जिवंत उदाहरण ठरते. ती टिकविणे म्हणूनच केवळ शोभेपुरते मर्यादित नाही.

वनस्पतीचा परिचय :
मोरपंखी मूळची चीन व कोरियाकडील. लिनियसने १७५३ मध्ये तिला थुजा ओरिएंटॅलिस हे नाव दिले. १९४९ मध्ये फ्रांको यांनी तिचा समावेश प्लॅटिक्लॅडस या प्रजातीत केला. खऱ्या थुजाचे बी सपक्ष असते, मोरपंखीचे पंखहीन असते. तिची पाने खवल्यांसारखी, फांदीला चिकटलेली व जाड उपत्वचेची असल्याने बाष्पोत्सर्जन मर्यादित राहते. प्रकाष्ठात रुंद वाहिन्यांऐवजी अरुंद वाहिनिका असतात. त्यामुळे पाण्याच्या ताणातही जलवहन सहसा खंडित होत नाही. या रचनेमुळेच जम बसलेली मोरपंखी वैशाखातील ४५ अंश सेल्सिअसचे तापमानही सोसते.

समस्येचे स्वरूप :
असे असूनही अनेक रोपे दगावतात. त्याचे कारण उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात शोधावे लागते. जिल्ह्यात वर्षाकाठी सुमारे १००० ते ११०० मि.मी. पाऊस पडतो व त्यापैकी बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. बेसाल्टपासून बनलेली काळी जमीन ओली होताच फुगते, तिच्या भेगा बुजतात आणि निचरा मंदावतो. अशा जमिनीत खोदून भुसभुशीत मातीने भरलेला खड्डा प्रत्यक्षात हौदाचे काम करतो. सभोवतालचे पाणी त्यात साचते. मातीतील हवेची जागा पाण्याने घेतल्यावर मुळे गुदमरतात व फायटोफ्थोरासारख्या रोगकारकांना अनुकूल स्थिती लाभते.

सदाहरित शंकुधारी वृक्षात ही हानी लगेच दिसत नाही. मुळे श्रावण-भाद्रपदात कुजतात, तर पाने तांबूस होतात ती ऑक्टोबरच्या उन्हात. तेव्हा पाणी कमी पडले असे समजून पाणी वाढविले जाते आणि उरलेली मुळेही नष्ट होतात. रोगाचे निदान चुकल्यामुळे उपचारच घातक ठरतो.

लागवडीची पद्धती :
आर्वी, कारंजा व आष्टी या तालुक्यांतील डोंगराळ भागाच्या मुरमाड, उथळ जमिनीत निचऱ्याचा प्रश्न तुलनेने कमी असतो. हिंगणघाट व समुद्रपूरकडील खोल काळ्या जमिनीत मात्र पुढील दक्षता आवश्यक ठरते.

१) रोप खड्ड्यात न लावता, मुरूम व शेणखत मिसळलेल्या मातीच्या एक ते दीड फूट उंच वरंब्यावर लावावे व बाजूने चर काढावा.
२) लागवड पावसाचा जोर ओसरल्यावर करावी, म्हणजे पुढील पावसाळ्यापूर्वी मुळे स्थिरावतात.
३) पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे, परंतु बोटभर खोल माती कोरडी झाल्यावरच, आणि बुंध्यापासून दूर.
४) कुंपणासाठी रोपे अतिदाट लावू नयेत, दमट हवेत आतील पर्णसंभार वाळतो व बुरशी वाढते.
५) छाटणी हिरव्या भागापुरतीच करावी. पर्णहीन जुन्या लाकडाला सहसा नवीन फूट येत नाही.
६) पाने तांबूस झाल्यास पाणी देण्यापूर्वी मुळाजवळची माती उकरून पाहावी. माती ओली व मुळे काळी, मऊ असल्यास पाणी तत्काळ थांबवावे.

निष्कर्ष :
‘अवर्षणसहिष्णू’ ही संज्ञा वनस्पतीचा एकच गुण सांगते. ती अतिपाणी सोसेल असा तिचा अर्थ होत नाही. वर्धा जिल्ह्यात मोरपंखीचे यश पाणी किती दिले यापेक्षा पाणी किती लवकर निघून गेले यावर अवलंबून आहे. महाविद्यालयीन वृक्षारोपणात प्रजातीची निवड करताना पर्जन्यमानाइतकाच जमिनीच्या निचऱ्याचाही विचार होणे आवश्यक आहे.