सातबाऱ्यावर अजून अब्बांचेच नाव

२०२५ च्या मार्चमध्ये शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू झाली आणि एप्रिलपासून ती राज्यभर राबविली गेली. मय्यत खातेदारांची नावे कमी करून त्यांच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लावायची, एवढाच तिचा उद्देश. एवढ्यासाठी सरकारला मोहीम काढावी लागली, यातच आपल्या घराघरांची अवस्था दिसते. रिसोड असो की मानोरा, कारंजा असो की मंगरूळपीर. आजोबांच्या नावावरची जमीन नातू कसतो आहे आणि मधल्या पिढीतल्या फुफींचे नाव कागदावर कुठेच नाही, हे चित्र वाशीम जिल्ह्याला नवे नाही.

आपल्याकडे मृत्यूपत्राचा विषय काढला की घरातले म्हणतात, “अब्बा, असं अभद्र का बोलता?” वास्तविक, ज्याच्याकडे वसियत करण्याजोगे काही आहे त्याने ती लिहून ठेवल्याशिवाय दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची (स.) शिकवण बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेली आहे. मग हे अभद्र कसे?

इंतकालानंतर मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च निघतो, नंतर कर्ज फिटते, मग वसियत आणि उरलेल्याची वारसांत वाटणी. कर्ज म्हणजे केवळ सोसायटीचे पीककर्ज किंवा कृषी केंद्राची उधारी नव्हे. पत्नीचा न दिलेला मेहर हेही कर्जच आहे आणि तो तिच्या वारसाहक्काच्या आधी, वेगळा द्यायचा असतो. जनाज्याजवळ बेवेला मेहर माफ करायला लावण्याची जी रीत काही ठिकाणी आहे, ती प्रस्तुत लेखकाला तरी निर्दयपणाची वाटते. ज्यांचा मेहर बाकी असेल त्यांनी तो हयातीतच देऊन टाकावा.

आता हिशेब पाहू. समजा, एका शेतकऱ्याची ८ एकर जमीन आहे. आई-वडील आधीच वारलेले, मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. पत्नीचा आठवा हिस्सा म्हणजे १ एकर. उरलेल्या ७ एकरांत प्रत्येक मुलाला २ एकर ३२ गुंठे आणि मुलीला १ एकर १६ गुंठे. हे हिस्से सूरह निसामध्ये ठरवून दिलेले आहेत. भावाच्या मर्जीवर ते सोडलेले नाहीत. तरीही “तुझ्या लग्नात खर्च केला, आता हक्कसोडपत्रावर सही कर” असे बहिणीला सांगितले जाते. लग्नाचा खर्च हा वारसा नाही. बहिणीला खरोखरच भावाला द्यायचे असेल, तर आधी तिचे नाव सातबाऱ्यावर लागू द्या, हिस्सा तिच्या हाती येऊ द्या. मग ती राजीखुशीने काय करायचे ते ठरवील. वारसाची खबर तलाठ्याला तीन महिन्यांच्या आत द्यायची असते. अर्ज ‘ई-हक्क’ प्रणालीवरही करता येतो. अर्जात सर्व वारसांची नावे आहेत ना, हे घरातल्या शिकलेल्या मुलीने स्वतः वाचून पाहावे.

वसियत एक तृतीयांशापर्यंतच करता येते. शिवाय ज्याला वारसा मिळणारच आहे, त्याच्या नावे केलेली वसियत इतर वारसांनी इंतकालानंतर संमती दिली तरच चालते. म्हणून “सगळे घर धाकट्याला” असे लिहून ठेवणाऱ्यांचा कागद बहुधा वादच निर्माण करतो.

मग तृतीयांश कोणासाठी? सर्वांत आधी अनाथ नातवंडांसाठी. मुलगा बापाच्या आधी वारला आणि दुसरा मुलगा हयात असेल, तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वारसा येत नाही. पुष्कळ कुटुंबांना हे आजोबा गेल्यावरच कळते. तेव्हा काका बोलतो, सून रडते आणि लोक शरियतला दोष देतात. पण वाट तर खुली होती. आजोबांनी एक तृतीयांशातून त्या नातवंडांच्या नावे वसियत करायची, एवढेच काम राहिलेले असते. वर सांगितलेल्या ८ एकरांत, कर्ज नसेल तर, २ एकर २६ गुंठ्यांपर्यंत जमीन अशी देता येते. वारसांचे हिस्से मग उरलेल्या जमिनीतून निघतात. वसियतीला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे ती करून घेतलेली बरी. दोन साक्षीदार वयाने तरुण निवडावेत.

हयातीत द्यायचे असेल तर हिबा. त्यात देणाऱ्याने जाहीर करणे, घेणाऱ्याने स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी लागतात. कागद केला पण सोयाबीनचे पैसे पूर्वीसारखे अब्बांच्याच खात्यात, तर ताब्याचा प्रश्न उद्या कोर्टात उभा राहतो. तोंडी हिबा कायद्याला मान्य आहे, तरी नोंदणी करावी. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुले व नातवंडांना बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार व नोंदणी फी निराळी. मात्र एकाच मुलाला देऊन बाकीच्यांना वगळू नये. नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या वडिलांनी असे केले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला साक्षीदार होण्यास नकार दिला होता. शेवटच्या आजारात केलेला हिबाही तृतीयांशाच्या मर्यादेतच धरला जातो.

बँकेतील नॉमिनीबद्दलही मोठा गैरसमज आहे. नॉमिनी पैसे उचलतो, पण मालक होत नाही. ते पैसे सर्व वारसांचे असतात. शेअर्स व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच म्हटले. तरी नॉमिनी जरूर लावा, नाही तर घरच्यांना वारसा प्रमाणपत्रासाठी दिवाणी न्यायालयात खेटे घालावे लागतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

या महिन्यात एक साधी वही घ्या. गट नंबर, आठ-अ, घराचा नगरपरिषदेचा कर क्रमांक, बँक खाती, विमा, कोणाचे देणे, कोणाकडे येणे आणि मेहर दिला की बाकी, हे त्यात लिहा. वही कुठे ठेवली ते पत्नीला आणि लग्न झालेल्या मुलीलाही सांगून ठेवा.