गल्ला की गुणवत्ता? धारवाडकरांसाठी थोडी माहिती

‘कांतारा’ला ७०व्या राष्ट्रीय पुरस्कारांत, म्हणजे २०२४ साली, काय मिळालं ते आठवतंय? ऋषभ शेट्टी सर्वोत्कृष्ट अभिनेता, आणि चित्रपटाला ‘सर्वोत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट’. सर्वोत्कृष्ट चित्रपट मात्र मल्याळम ‘आट्टम’. लोकप्रिय चित्रपटाचं हे वेगळं पारितोषिक १९७५च्या चित्रपटांपासून दिलं जातं, पहिलं ‘तपस्या’ला. निकष निकोप मनोरंजनाचा, तिकीटविक्रीचा नव्हे!

आता आपल्या गावाशी नातं असलेलं उदाहरण. माथेरानला जन्मलेले, धारवाडच्या कर्नाटक कॉलेजात शिकलेले गिरीश कार्नाड ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटाचे पटकथाकार आणि नायक. मद्रासच्या सेन्सॉरने आधी या चित्रपटावर बंदी घातली होती. पुढे त्यालाच १९७०च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गल्ल्यावर मोजमाप केलं असतं तर ‘संस्कार’चं नाव कोण घेतं?

मराठी ‘सैराट’ची गंमत याहून वेगळी. त्याची नायिका रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कारात विशेष उल्लेख मिळाला मार्च २०१६ मध्ये. चित्रपट थिएटरात आला एप्रिलअखेर. शंभर कोटींची चर्चा त्यानंतरची. (कन्नडमधला ‘मनसु मल्लिगे’ याचाच रिमेक, नायिकाही रिंकूच.) म्हणजे ज्युरीला आणि पब्लिकला एकच गोष्ट आवडू शकते, फक्त ज्युरीने आधी गल्ला बघायचा नाही.

ऑस्करवाल्यांनीही २०१८ मध्ये लोकप्रिय चित्रपटाचा विभाग जाहीर केला होता. टीका झाली, महिन्याभरात गुंडाळला. मला विचाराल तर बरंच झालं. पैसा हे निर्मात्याचं बक्षीस आहेच की. हुबळीत हाउसफुल्ल चाललेल्या चित्रपटाला आणखी ढाल कशाला?

तुमचं मत वेगळं असेल तर खाली भांडा, पण चित्रपटाचं नाव घेऊन!