माळ्यावरचं जुनं पिस्तूल: घासू नका, आधी नीट बघा!

साताऱ्याच्या पेठांत, सांगली-मिरजेच्या जुन्या वाड्यांत माळा आवरताना कधीतरी गंजलेलं पिस्तूल सापडतं. लगेच हात जातो पॉलिशपेपरकडे. मंडळी, तिथंच थांबा!

🔸 ठासणीचं हत्यार कित्येकदा भरलेलंच राहून गेलेलं असतं. चाप ओढू नका, नळी कुणाकडे रोखू नका. जाणकाराकडून तपासून घ्या.

🔸 चापाच्या पट्टीवरचा ठसा शोधा. हृदयाच्या आकाराचं चिन्ह ईस्ट इंडिया कंपनीचं. एकोणिसाव्या शतकात त्याच्या जागी उभा सिंह आला. मूळ सुटे भाग, स्पष्ट ठसा आणि घराण्याचा कागद यांवर मोल ठरतं. घासलं की ठसाही जातो आणि काळाची झाकही. सैल गंज काढून हलका तेलाचा हात पुरे.

🔸 शस्त्र कायदा, १९५९, कलम ४५: दुरुस्त करूनही चालणार नाही अशा पुरातन हत्याराला सूट आहे. दुरुस्तीनं चालू शकणाऱ्याला नाही! म्हणून आधी पोलीस ठाण्यात विचारा.

🔸 शंभरी ओलांडलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. ती परदेशात विकता येत नाही.

माझं मत स्पष्ट आहे: जतन करा, नवं करू नका. चकाकी पुन्हा आणता येते, गेलेला ठसा नाही.