पूर्वेची बंदरं : आनपिंगच्या विटा

तैवानातल्या ताइनान शहराच्या पश्चिम टोकाला आनपिंग आहे. मिंग चिनी सैन्याने पेंगहू बेटांवरून हुसकावल्यावर डच कंपनीने 1624 साली इथे ठाणं मांडलं, तेव्हा हा भाग म्हणजे समुद्रातला वाळूचा दांडा होता. मागे खाडी, पुढे उघडा समुद्र. कंपनी तीच, जिची वखार त्याच शतकात आपल्या वेंगुर्ल्यात होती. इथून हरणांची कातडी आणि साखर जपानला जायची.

दहा वर्षं खपून डचांनी झीलँडिया किल्ला बांधला. विटा कंपनीच्या पूर्वेकडच्या मुख्यालयाहून, बटाव्हियाहून, गलबतांतून आल्या. सांध्यांत साखरेचं पाणी, चिकट तांदळाची खळ आणि कालवांच्या शिंपल्यांचा चुना. पर्यटक तिकीट काढून पांढऱ्या मनोऱ्यावर चढतात, पण तो मनोरा डचांचा नव्हेच, फार नंतरचा आहे. खरा किल्ला पाहायचा तर दक्षिणेची पडकी भिंत पाहावी. वडाच्या मुळांनी तिला अशी मिठी घातली आहे, की कोण कोणाला सावरतंय ते कळू नये.

1661 मध्ये कोशिंगा आला. जपानी आईच्या पोटी हिरादोत जन्मलेला हा मिंगनिष्ठ सेनापती मांचूंशी लढताना स्वतःसाठी तळ शोधत होता. नऊ महिने वेढा चालला. किल्ल्यातून फुटलेल्या एका जर्मन सार्जंटने कच्ची जागा दाखवली, असं सांगतात. टेकडीवरचा बुरूज पडला आणि 1 फेब्रुवारी 1662 रोजी गव्हर्नर कोयेतने शरणागती पत्करली. बटाव्हियात कंपनीने सगळं खापर त्याच्यावर फोडून त्याला बांदा बेटांवर धाडलं. त्याने वारंवार मागितलेली कुमक वेळेवर का पोहोचली नाही, हा प्रश्न बाजूलाच राहिला. कोशिंगाही फार जगला नाही. जूनमध्येच, सदतिसाव्या वर्षी तो गेला.

पुढे खाडी गाळाने भरत गेली, किल्ल्याचं महत्त्व ओसरलं. मग लोकांचं, सरकारचं लक्ष त्याच्या विटांवर गेलं. 1874 मध्ये जपानने दक्षिण तैवानात फौज उतरवल्यावर तोवर बेटाचे धनी झालेल्या मांचूंच्या छिंग दरबाराने आपला अधिकारी शन पाओचेन याला पाठवलं. फ्रेंच अभियंत्यांच्या आराखड्यावर, इंग्लंडच्या तोफांसाठी त्याने जो चौकोनी कोट उभारला, त्यात झीलँडियाच्या विटा आहेत. तो 1876 मध्ये पुरा झाला. दरवाज्यावर शनच्या हातचा लेख आहे, ‘कोटी वर्षांचा सुवर्णकोट’. एकोणीस वर्षांनी तहात सगळं बेटच जपानला गेलं.

टेट कंपनीची 1867 ची व्यापारी कोठी आता संग्रहालय आहे. पण गर्दी तिच्यामागच्या, वडाने गिळलेल्या गोदामात असते, आणि ती रास्त आहे. जपानी काळात ही वास्तू मिठाच्या कारभाराकडे आली, पुढे ओस पडली, आणि वडाने छपराची जागा घेतली.

यानपिंग रस्त्याच्या मागच्या गल्ल्यांत फिरताना दारांवर लक्ष ठेवा. तोंडात तलवार धरलेला सिंह इडापिडा टाळण्यासाठी लावतात. कोशिंगाच्या सैनिकांच्या ढालींवरून तो आला, असं स्थानिक सांगतात. फिरून झाल्यावर कोळंबीचे रोल खावेत, आणि टोफूची गोड, थंड वाटी.

पुढच्या आठवड्यात याच डचांच्या दुसऱ्या किल्ल्याकडे, प्रोव्हिंशियाकडे जाऊ.