विश्लेषण : ऑर्डर देऊन काढून घेतलेल्या सुपरहिरोच्या चित्रावर हक्क कोणाचा?

समजा, वसईत घरूनच काम करणाऱ्या एका चित्रकाराकडे एक ऑर्डर आली. ग्राहकाला सुपरमॅनचे १९३८ मधले पहिले मुखपृष्ठ हवे आहे, पण हिरवी मोटार डोक्यावर उचलणाऱ्या सुपरमॅनच्या जागी स्वतःचे वडील हवे आहेत. वडिलांच्या साठीची ही भेट. किंमत ठरते, आठवडाभर खपून चित्र तयार होते, पैसे चुकते होतात. पुढे चित्रकाराला ते चित्र आपल्या पुस्तकात छापता येईल का? ग्राहकाला त्याचे टी-शर्ट काढून विकता येतील का? या प्रश्नांची उत्तरे अनेकांच्या समजुतीपेक्षा वेगळी आहेत.

‘कव्हर रिक्रिएशन’ म्हणजे काय?

गाजलेल्या कॉमिक्सचे मुखपृष्ठ दुसऱ्या चित्रकाराने हाताने पुन्हा काढणे म्हणजे कव्हर रिक्रिएशन. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिल्यात मूळ चित्र जसेच्या तसे उतरवले जाते. दुसऱ्यात मांडणी मूळची आणि पात्रे नवी असतात. ‘फॅन्टास्टिक फोर’च्या १९६१ मधल्या पहिल्या अंकावर रस्ता फोडून वर येणारा राक्षस आहे. ही मांडणी इतकी ओळखीची झाली आहे की पात्रे बदलली तरी वाचकाला मूळ चित्र आठवते. अशा चित्राखाली स्वतःच्या सहीबरोबर मूळ चित्रकाराचे नाव लिहिण्याचा प्रघात आहे. त्यामुळे पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही आणि श्रेयही योग्य माणसाला मिळते.

मूळ चित्र का घेत नाहीत?

कारण ते परवडत नाही. १९८४ मधल्या ‘सीक्रेट वॉर्स’ मालिकेच्या आठव्या अंकात स्पायडरमॅनचा काळा पोशाख दिसतो. त्या अंकातले माइक झेक यांनी काढलेले एकच मूळ पान जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील लिलावात ३३.६ लाख डॉलरला गेले. छापील जुने अंकही दुर्मीळ झाले आहेत.

दुसरे कारण आठवणींचे. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केले आणि मराठी घरांत वेताळ पोहोचला. आतल्या चित्रकथा ली फॉक यांच्या, अमेरिकी वृत्तपत्रांसाठी तयार झालेल्या होत्या. पण अनेक मुखपृष्ठे इथल्याच बी. गोविंद यांनी रंगवलेली होती. आबिद सुरती यांच्या ‘बहादूर’ची चित्रेही त्यांचीच. पुढे पुण्याचे प्रताप मुळीक यांनी राज कॉमिक्ससाठी नागराज रंगवला. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडले. लहानपणी भाड्याने आणून वाचलेला आणि परत केलेला अंक आता भिंतीवर हवा, असे वाटणारे ग्राहक याच पिढीतले.

चित्र तयार कसे होते?

अमेरिकी कॉमिक्सची मूळ पाने साधारण ११ बाय १७ इंचांच्या जाड कागदावर काढली जातात. छपाईत ती लहान होतात. आधी पेन्सिलीने आराखडा, मग निब किंवा ब्रशने काळी शाई आणि शेवटी रंग. खरी अडचण रंगांची असते. जुनी छपाई चार रंगांच्या ठिपक्यांची होती आणि कागद हलका होता. त्यामुळे हाती असलेला अंक पिवळट आणि फिका दिसतो. चित्रकाराला ठरवावे लागते की आजचा फिकट रंग लावायचा की अंक नवा असतानाचा. मूळ रेषा छपाईत जिथे बुजल्या आहेत तिथे त्या कशा असतील, हेही त्यालाच ताडावे लागते. म्हणून ‘नुसते बघून काढायचे’ म्हणून ग्राहक घासाघीस करतात, तेव्हा ते या कामाची किंमत धरतच नाहीत.

वसई-विरारसारख्या खाडी आणि समुद्राच्या काठच्या शहरात दमट हवेचीही भर पडते. पावसाळ्यात जलरंग वाळायला वेळ लागतो आणि कागदाला बाक येतो. त्यामुळे चित्र प्लास्टिकमध्ये घालून दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून पाठवणे सुरक्षित ठरते.

मूळ चित्रकारांच्या वाट्याला काय आले?

सुपरमॅनचे निर्माते जेरी सीगल आणि जो शूस्टर यांनी १९३८ मध्ये त्याचे सर्व हक्क १३० डॉलरला विकले. चित्रपट येऊ घातला असताना झालेल्या टीकेनंतर १९७५ मध्ये त्यांना वार्षिक मानधन आणि नावाचे श्रेय मिळाले.

डिस्नेसाठी बदकांच्या कथा रचणारे कार्ल बार्क्स यांची गोष्ट या विषयाला अधिक जवळची आहे. त्यांच्या कथा अनेक वर्षे त्यांच्या नावाशिवाय छापल्या गेल्या. निवृत्तीनंतर चाहते त्यांना जुनी मुखपृष्ठे तैलरंगात काढून मागू लागले. ती त्यांनी स्वतः काढलेली असली, तरी हक्क कंपनीचे होते. डिस्नेने १९७१ मध्ये परवानगी दिली. पुढे कोणीतरी त्यांच्या एका चित्राच्या अनधिकृत प्रती विकल्या आणि १९७६ मध्ये कंपनीने परवानगी काढून घेतली. चूक दुसऱ्याची होती, काम मात्र बार्क्स यांचे थांबले.

भारतातील कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार चित्राची प्रत काढण्याचा किंवा त्याचे रूपांतर करण्याचा हक्क कॉपीराइटच्या मालकाचा असतो. खासगी वापरासाठी कलम ५२ मध्ये सूट आहे, म्हणून सरावासाठी घरी बॅटमॅन काढायला हरकत नाही. पैसे घेऊन काढलेले चित्र या सुटीत बसते असे गृहीत धरता येत नाही. एकेका हस्तचित्राकडे प्रकाशक सहसा काणाडोळा करतात. पण तो त्यांचा उदारपणा आहे, चित्रकाराचा हक्क नव्हे. प्रिंट, मग आणि टी-शर्ट विकायला काढले की परवान्याचा प्रश्न येतोच. सुपरमॅनच्या त्या पहिल्या अंकाची मुदत अमेरिकेत १ जानेवारी २०३४ रोजी संपेल. त्यानंतरही नाव आणि चिन्हावरील ट्रेडमार्क शिल्लक राहतील.

चित्र पूर्णपणे नवे असेल तर?

अनेक चित्रकारांची गफलत इथे होते. ‘मी काढले, म्हणजे हक्क माझा’ असे ते धरून चालतात. कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या चित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, ऑर्डर देणाऱ्याचा असतो. पगारी नोकरीत कामाचा भाग म्हणून काढलेल्या चित्रांचा हक्कही, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. चित्रकाराकडे कायम उरतात ते कलम ५७ मधले विशेष हक्क : आपण कर्ता असल्याचे सांगणे आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेणे.

मग वसईच्या त्या चित्रात वडिलांचा चेहरा आणि नवी भर यांचा हक्क, लेखी काही ठरले नसेल तर, ग्राहकाकडे जातो. मूळ मांडणी प्रकाशकाचीच राहते. त्यामुळे ग्राहकाला ते भिंतीवर लावता येईल, टी-शर्ट विकता येणार नाहीत. चित्रकाराला ते पुस्तकात छापायचे तर दोघांचीही परवानगी लागेल.

आगाऊ रक्कम घेताना काय लिहून घ्यावे?

चित्राचा आकार, पात्रांची संख्या, किती वेळा बदल करून मिळतील आणि तारीख हे बहुतेक जण ठरवतात. त्यात आणखी तीन ओळी हव्यात : कॉपीराइट कोणाकडे राहील, ग्राहक चित्र कुठे वापरेल आणि चित्रकाराला ते आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल का. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. सीगल आणि शूस्टर यांनीही सही केलीच होती. सहीआधी या तीन ओळी वाचून घेतल्या, तर पुढचा बराच वाद टळतो.