दाढीच्या ब्लेडचा हिशेब

दिवाळीच्या आधीची झाडलोट चालू असता आमच्या इंदूरच्या घरी माळ्यावरून एक पत्र्याची डबी निघाली. तीत वडिलांचा दाढीचा रेझर होता : पितळेचा, कडांना मुलामा उडालेला, मूठ फिरवली की तीन तुकड्यांत सुटणारा. १९६२ साली नोकरी लागली तेव्हा राजवाड्याजवळच्या दुकानातून त्यांनी तो घेतला, असे आई सांगत असे. आम्ही तो चिंचेने घासला, आजच्या बाजारातले साधे दुधारी ब्लेड त्यात घातले, ते चपखल बसले. साठ वर्षांत त्या ब्लेडचा आकार बदललेला नाही. त्याच न्हाणीघराच्या कोनाड्यात आमच्या चिरंजीवांचे निळ्या प्लॅस्टिकचे पाच रेझर पडले होते. त्यांतले चालणारे कोणते आणि टाकायचे कोणते, हे त्यांनाही सांगता येईना. तेथून घरात जो वाद सुरू झाला, त्यातून हा लेख जन्मला आहे.

भगिनीवर्गाने हा विषय आपला नव्हे म्हणून पान उलटू नये. रेझर आता केवळ पुरुषांचा राहिलेला नाही, आणि या गोष्टीचा शेवट घरच्या केरात आहे.

एक काळ असा होता की न्हावी धोपटी घेऊन घरी येई. त्याचा वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर घासून पुन्हा पुन्हा धारदार होई आणि एकच वस्तरा पिढीभर पुरे. फेकून देण्याचे ब्लेड आणले ते अमेरिकेतील किंग कँप जिलेट यांनी. त्यांची कंपनी १९०१ मध्ये निघाली. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. पुढच्याच वर्षी पेटंट मिळाले आणि मागणी वाढत गेली. म्हणजे आम्ही ज्या रेझरला टिकाऊ म्हणून कुरवाळतो, तोच या फेकाफेकीचा मूळ पुरुष होय! फरक इतकाच की त्या वेळी फक्त पाते जाई, मूठ राही. १९७५ च्या सुमारास फ्रान्सच्या बिक कंपनीने अख्खा प्लॅस्टिकचा रेझरच फेकण्याजोगा करून विकला. पात्यापासून मुठीपर्यंत पोहोचण्यास या कल्पनेला पाऊणशे वर्षे लागली.

आता खर्च. आम्ही एक दिवसाआड दाढी करतो, म्हणजे वर्षाला सुमारे १८० वेळा. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात साधे ब्लेड तीन रुपयांच्या आसपास पडते आणि पाच दाढ्या सुखाने होतात. वर्षाला ३६ ब्लेडे, १०८ रुपये. फेकण्याचा रेझर वीस रुपयांचा. तोही पाच दाढ्यांच्या पुढे जात नाही. ७२० रुपये झाले. चिरंजीवांना मित्राने भेट दिलेला तीन-चार पात्यांचा, डोके बदलण्याचा रेझर तर याहून वरचढ. त्याचे एक डोके दोनशे रुपयांचे. ते पंधरा दाढ्या टिकते असे धरले तरी वर्षाकाठी २,४०० रुपये होतात. धातूचा नवा रेझर पाचशेला मिळाला तरी वर्षभरात त्याची किंमत वसूल होते.

वजनाचा वाद मिटविण्यासाठी आम्ही सराफ्यातील एका परिचित पेढीवर गेलो. सोन्याच्या काट्यावर ब्लेडे ठेवलेली पाहून शेटजींना हसू आवरेना. दहा ब्लेडे मिळून सहा ग्रॅमांच्या आत भरली. प्लॅस्टिकचा एकटा रेझर साडेसहा ग्रॅमांचा. ब्लेड सगळे पोलादाचे, त्याला वितळवून पुन्हा उपयोगात आणता येते. प्लॅस्टिकच्या रेझरात मात्र पोलादाच्या पट्ट्या इतक्या घट्ट रुतलेल्या असतात की त्या वेगळ्या काढणे भंगारवाल्याला परवडत नाही. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशात बंदी आली. त्या यादीत कान कोरण्याच्या काड्या आहेत, रेझर नाहीत.

मऊ केसाने पोलाद बोथट का व्हावे, हे कोडे आम्हांस लहानपणापासून होते. २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ते उकलले. केस पोलादाच्या सुमारे पन्नास पट मऊ. पण पात्याची धार सर्वत्र सारखी नसते, आणि केस तिरपा वाकून नेमक्या कच्च्या जागी टेकला की धारेचा सूक्ष्म कपचा उडतो. तरीही बोथट झालेले ब्लेड पूर्वी वाया जात नसे. त्याने मुलांच्या पेन्सिली तासल्या जात, आई शिवण उसवी. केशकर्तनालयात आजही एका ब्लेडचे दोन तुकडे करून वस्तऱ्यात बसवतात. दर गिऱ्हाइकाला अर्धे आणि नवे.

चिरंजीवांची बाजूही ऐकली पाहिजे. विमानात हाताशी ठेवायच्या सामानात सुटी ब्लेडे नेता येत नाहीत. हात कापणाऱ्या वृद्धाला प्लॅस्टिकचा रेझर सोयीचा पडतो. आणि त्यांनी आम्हांला एका प्रश्नाने निरुत्तर केले : "बाबा, तुम्ही दाढी करताना गरम पाण्याचा नळ चालूच ठेवता, त्याचे काय?" आम्ही हिशेब मांडला. पाच मिनिटांत तीस लिटर पाणी जाते आणि ते तीस अंशांनी तापवण्यास जवळजवळ एक युनिट वीज लागते. शिवाय आमच्या शहराचे नर्मदेचे पाणी जलूदहून, सत्तर किलोमीटरांवरून, घाट चढवून पंपाने आणावे लागते. सहा ग्रॅम प्लॅस्टिक वाचवल्याचा आमचा अभिमान त्या नळाखालून वाहून गेला. आता आम्ही तांब्याभर पाण्यात दाढी उरकतो.

पण एका बाबतीत सुटे ब्लेड प्लॅस्टिकच्या रेझरहून अधिक वाईट आहे. स्वच्छतेच्या सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ सलग पहिले आलेले आमचे शहर. येथे केराची गाडी दारी येते आणि तिला वेगवेगळे कप्पे असतात. तरी मागील श्रावणात गाडीवरच्या बाईंचा तळवा आमच्याच पिशवीतल्या ब्लेडने चिरला. ते कागदात गुंडाळले होते. कागद ओला होऊन सुटला. हळद लावून, फडके बांधून त्या पुढच्या दारी गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला.

त्या दिवसापासून वडिलांच्या त्याच पत्र्याच्या डबीच्या झाकणाला आम्ही छिन्नीने एक चीर पाडली आहे आणि झाकण डाख देऊन बंद केले आहे. ब्लेड चिरेतून आत जाते, बाहेर येत नाही. ब्लेडाची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग. डबी भरण्यास सात-आठ वर्षे लागतील. भरली म्हणजे ती पिशवीत न टाकता, काय आहे ते सांगून, बाईंच्या हाती द्यायची असे ठरले आहे. चिरंजीवांनी डबीवर लाल रंगाने हिंदीत 'ब्लेड' असे लिहिले आहे, कारण बाईंना मराठी वाचता येत नाही.