सापडणे, शोध आणि संशोधन : चम्मकच्या ताम्रपटाची साक्ष

अचलपूर, प्रतिनिधी : ‘शेतात ताम्रपटाचा शोध लागला’, असे वाक्य आपण सहज लिहून जातो. वास्तविक शेतात ताम्रपट ‘सापडतो’. ‘शोध’ त्यानंतर सुरू होतो. हा भेद समजून घेण्यास अचलपूरजवळच्या चम्मक गावाइतके चांगले उदाहरण नाही.

१८६८ च्या सुमारास चम्मक येथील नांगरलेल्या शेतात तांब्याचे सात पत्रे मिळाले. हे झाले सापडणे. त्यात योगायोग असतो, हेतू नसतो. पत्रे कोणाचे, हा प्रश्न पडला तेव्हा ‘शोध घेणे’ आले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने कारकीर्दीच्या अठराव्या वर्षी मधुनदीकाठचे ‘चर्मांक’ गाव दान दिले, असे त्यावर कोरलेले आहे. चर्मांक म्हणजेच आजचे चम्मक, ही ओळख पटली तेव्हा ‘शोध लागला’. लेखातील भोजकट राज्यात हा परिसर मोडत होता, हेही त्यातून कळले.

पुढची पायरी संशोधनाची. या शब्दाच्या मुळाशी ‘शुध्’ म्हणजे स्वच्छ करणे, हा संस्कृत धातू आहे. फ्लीट यांनी १८८८ मध्ये आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये आपापल्या लेखसंग्रहांत हा लेख छापला. अक्षरे लावणे, पाठ तपासणे, आधीची चूक दुरुस्त करणे हे सारे शोधनच होय. दान एक हजार ब्राह्मणांना दिल्याचे लेख सांगतो. नावे मात्र ४९ जणांचीच देतो. ही झाली माहिती. तिचा अर्थ लावल्यावरच ज्ञान होते.

मध्य प्रदेशची सीमा जवळ असल्याने अचलपूरच्या बाजारात हिंदी नित्य कानी पडते. त्यामुळे येथे आणखी एक घोटाळा संभवतो. हिंदीत ‘शोध’ म्हणजे आपले संशोधन, तर हिंदी ‘संशोधन’ म्हणजे आपली दुरुस्ती. ‘संविधान संशोधन’ ही मराठीत घटनादुरुस्ती ठरते. हिंदी ‘आविष्कार’ यंत्राचा असतो, मराठीत तो प्रायः कलेचा वा भावनेचा. उलट अमेरिका आणि दूरध्वनी या दोहोंसाठी मराठी ‘शोध’ हा एकच शब्द वापरते.

हा केवळ शब्दांचा कीस नव्हे. सापडलेला पत्रा मोडीत गेला, तर शोधही नाही आणि ज्ञानही नाही. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू मिळाल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. नांगराच्या फाळाला काही लागले, तर त्याचे पुढे काय होणार, हे प्रथम शेतकऱ्याच्या हाती असते. ज्ञानाची पहिली पायरी म्हणूनच ‘सापडणे’ नव्हे, तर सापडलेले जपणे ही होय.